स्टेपनी आहे हो, पण तिच्यात हवा आहे का?

थंडीत मला पत्रं येतात ती 'सकाळी गाडी सुरू होत नाही' वाली, आणि एप्रिल उजाडला की सगळी टायरची. साहजिक आहे, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो, त्यात लग्नसराई, पाच सीटच्या गाडीत आठ माणसं आणि वर आहेराची भांडी, मग टायर बिचारा किती दिवस सहन करेल. यावेळी निवडक पत्रं घेतलीयेत, पहिल्याला जरा जास्त जागा दिली कारण त्या ताईंनी जे लिहिलंय ते अर्ध्या खान्देशाचं होतं, फक्त कोणी सांगत नाही.

प्रश्न : काका, मी एरंडोलला राहते, नोकरी जळगावला, रोज स्वतः गाडी चालवते. मागच्या आठवड्यात पाळधीच्या अलीकडे पुढचं डावं चाक बसलं. गाडी रोडच्या खाली मातीत घेतली, हँडब्रेक ओढला, जॅक लावून गाडी उचलली आणि नट खोलायला गेले तर पान्यासोबत चाकच फिरायला लागलं. जोर लावला तर जॅक तिरपा झाला आणि गाडी धप्पकन खाली. मला काही लागलं नाही पण तेव्हापासून हात लावायची भीती वाटते. माझं काय चुकलं?

ताई, आधी हे सांगतो की तुमचं नशीब चांगलं, चाक अजून गाडीलाच होतं. चाक काढल्यावर गाडी पडली असती तर ब्रेकची डिस्क जमिनीत रुतली असती आणि हात आत असता तर... जाऊ द्या.

चुका दोन झाल्या आणि दोन्ही सगळेच करतात. पहिली म्हणजे नट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे असतात. चाक जमिनीवर असताना जमीनच त्याला धरून ठेवते, तेव्हाच प्रत्येक नट अर्धा-पाऊण फेरा ढिला करून घ्यायचा, पूर्ण काढायचा नाही, आणि मगच जॅक. तुम्ही हँडब्रेक ओढला होता ते बरोबरच, पण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या दोन चाकांनाच धरतो, पुढचं चाक हवेत गेलं आणि गाडी न्यूट्रलला असली की ते भिंगरीसारखं फिरणारच.

मग लोक म्हणतात गाडी गिअरमध्ये टाकायची, झालं. टाकायचीच, ऑटोमॅटिक असेल तर पी वर, पण नुसत्या गिअरवर भरवसा ठेवू नका. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत दोन्ही चाकांच्या मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी असते, एक चाक हवेत असेल तर ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक सुटतं, म्हणजे गिअर टाकलेला असूनसुद्धा गाडी सरकू शकते. त्या वेळी गाडी धरतो तो फक्त हँडब्रेक, आणि आपल्याकडच्या किती गाड्यांचा हँडब्रेक धड असतो ते तुम्हीच सांगा. म्हणून चाकाला दगड. जे चाक काढायचं त्याच्या तिरप्या समोरचं, म्हणजे तुमच्या बाबतीत मागचं उजवं, त्याच्या पुढून एक आणि मागून एक असे दोन दगड ठोकून बसवायचे. आपले शेतकरी कपाशीची गाडी भरताना बैल सोडले की आधी चाकाला दगड लावतात, त्यांना कोणी शिकवावं लागत नाही आणि आपण मात्र बारा लाखाची गाडी घेऊन तेवढंच विसरतो.

दुसरी चूक जमिनीची. आपली काळी माती वरून कितीही कडक दिसू द्या, गाडीच्या एका कोपऱ्याचा तीन-चारशे किलो भार जॅकच्या तळहाताएवढ्या पत्र्यावर येतो, आणि ज्या बाजूला माती भुसभुशीत त्या बाजूला तो रुततो, की जॅक तिरपा. पावसाळ्यात तर विचारूच नका. डिक्कीत एक फळीचा तुकडा टाकून ठेवा, साधारण एक फूट बाय एक फूट, दीड-दोन इंच जाड, सुताराकडे फुकटात मिळेल. वीट वापरू नका, वीट भाराखाली फुटते. आणि टायर फाटला तरी चालेल पण गाडी हळूहळू पुढे नेऊन सपाट, कडक जागा गाठा, पेट्रोल पंप, ढाबा, एखाद्या फाट्यावरची मोकळी जागा. टायर तसाही गेलेलाच असतो, फार तर चाकाची डिस्क (ब्रेकची नाही, टायर जिच्यावर बसतो ती रिम) वाकेल.

जॅक कुठे लावायचा हेही बघून ठेवा. दाराच्या खालच्या पत्र्याच्या कडेला, पुढच्या चाकाच्या जरा मागे आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, दोन छोट्या खाचा दिसतील, जॅकच्या डोक्यातली फट बरोबर त्या खाचांच्या मधे बसली पाहिजे. दुसरीकडे कुठेही लावला तर पत्रा चेपतो. (तुमची गाडी पडलीये म्हणून तो पत्रा आणि खालून जाणारे ब्रेकचे पाइप एकदा रॅम्पवर घालून बघून घ्या, विसरू नका.) गाडीत कोणी बसलेलं नको, चाक जमिनीपासून बोटभर सुटलं की बास, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टेपनी काढली की ती उभी ठेवू नका, गाडीखाली, जॅकच्या शेजारी, पत्र्याच्या कडेखाली आडवी सरकवा. जॅक घसरलाच तर गाडी स्टेपनीवर बसेल, तुमच्यावर नाही. जुनं चाक निघालं की ते खाली सरकवायचं आणि स्टेपनी ओढून घ्यायची. काहीही झालं तरी अंग गाडीखाली घालायचं नाही, तो जॅक चाक बदलण्यापुरताच बनवलेला असतो.

आणि भीतीचं म्हणाल तर येत्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत अंगणात चांगलं चाक काढा आणि तेच परत बसवा, दोनदा. पहिल्यांदा पाऊण तास लागेल, दुसऱ्यांदा वीस मिनिटं.

प्रश्न : नट निघतच नाही. आमचे साहेब पान्यावर उभे राहून उड्या मारतात. चालेल का? (शिरपूर)

उड्या नको वहिनी, पाना निसटला तर साहेबांचा घोटा जाईल. पाना नटावर पूर्ण आत बसवा, दांडा डाव्या हाताला आडवा येऊ द्या आणि मग पायाने सावकाश खाली दाबा, म्हणजे नट आपोआप उलटा फिरतो, डावं-उजवं डोक्यात धरायची गरज नाही. तरी नाही निघाला तर पान्यावर लोखंडी पाइप चढवून दांडा लांब करा.

खरा दोष तुमचा नाहीच, पंक्चरवाल्यांच्या हवेच्या गनचा आहे. टर्रर्र करून मारतात आणि नट असा आवळतात की नंतर रोडवर माणसाच्या हाताने निघत नाही. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना ९० ते १२० न्यूटन मीटर एवढंच लागतं, म्हणजे किती? एक फुटी पान्याच्या टोकाला साधारण ३५ किलोचा जोर दिला की शंभर होतात, हाताने नीट दाबलं की झालं. म्हणून खोलताना पाय चालेल पण आवळताना पाय नको, साठ-सत्तर किलोचा माणूस पान्यावर उभा राहिला की दुप्पट होतं आणि बोल्टचे आटे ताणले जातात. पुढच्या वेळी पंक्चर काढलं की पंक्चरवाल्याला सांगा, भाऊ शेवटचं हाताने आवळ. तो तोंड वाकडं करेल, करू द्या.

बसवताना नटाची निमुळती बाजू डिस्ककडे. आधी सगळे हाताने फिरवून घ्या, मग थोडे पान्याने, मग गाडी खाली उतरवून शेवटचं आवळणं, आणि क्रमाने गोल गोल नाही तर समोरासमोर, पाच नट असतील तर चांदणी काढतो तसं एक सोडून एक, नाहीतर चाक एका बाजूला तिरपं बसतं. आट्यांना ऑइल, ग्रीस लावू नका, घसरणीमुळे तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो. पन्नास ते शंभर किलोमीटर गेलं की एकदा थांबून परत पाना लावून बघायचा.

प्रश्न : नवीन गाडी घेतली, डिक्कीत स्टेपनीच नाही, एक बाटली आणि छोटा पंप आहे. शोरूमवाल्याने फसवलं का? (नंदुरबार)

नाही भाऊ, फसवलं नाही. २०२० मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमात बदल झाला, ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी दिलीच पाहिजे असं राहिलं नाही. मला हे आवडलेलं नाही, पण कायदेशीर आहे.

बाटलीतलं औषध टायरमध्ये भरायचं, मग पंपाची वायर गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लावून हवा भरायची, गाडी चालू ठेवायची नाहीतर बॅटरी बसेल. पण हे चालतं फक्त खिळ्याच्या भोकाला, तेही जमिनीला टेकणाऱ्या भागात. टायरच्या बाजूला चिरा पडला किंवा टायर फुटलाच तर बाटली काही कामाची नाही, आणि तुमच्या तोरणमाळच्या रस्त्यावर कडेचा दगड नेमका बाजूलाच लागतो. घाटात, डोंगरात जाणं असेल तर त्याच मापाची एक डिस्क-टायर, जॅक आणि पाना वेगळा विकत घ्या, डिक्कीत जागा जाईल, जाऊ द्या. खिळा दिसला तर उपटू नका, तोच हवा धरून ठेवतो. आणि औषध भरलेलं असेल तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो टायर उघडेल आणि तुमचा उद्धार करेल.

प्रश्न : स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक आहे, वर ८० लिहिलंय. म्हणजे काय? (अमळनेर)

म्हणजे ताशी ८० च्या वर जायचं नाही, ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला आहे, अमळनेरहून पुण्याला जायला नाही. मॅगव्हीलच्या (अलॉयच्या) गाडीला साध्या लोखंडी डिस्कची स्टेपनी असेल तर तिचे नट वेगळे असतात का ते गाडीच्या पुस्तकात बघा.

बाकी 'स्टेपनी' या शब्दाचं मला भारी नवल वाटतं. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर दुकान होतं, १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक काढलं, त्याआधी गाडीला जादा चाकच नसायचं. आता तो शब्द त्यांच्याकडे कोणी फारसा बोलत नाही आणि आपल्याकडे बैलगाडीवाल्यालासुद्धा माहीत.

पण नाव माहीत असून उपयोग नाही. मी स्वतः, हे सदर लिहिणारा माणूस, दोन वर्षांपूर्वी शहाद्याला लग्नाला निघालो, दोंडाईच्याच्या पुढे चाक बसलं. ऐटीत कोट काढून बायकोला म्हटलं दहा मिनिटं थांब. स्टेपनी बसवली, जॅक उतरवला आणि गाडी त्या चाकावर तशीच बसली, थेंबभर हवा नाही. डिक्कीत पडल्या पडल्यासुद्धा टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा जाते आणि मी तिला तीन वर्षं हातही लावला नव्हता. ट्रॅक्टरवर बसून वऱ्हाडात गेलो, अक्षता हुकल्या, जेवण मिळालं. आता बाकीच्या चाकांची हवा बघताना पाचवंही बघतो आणि तिच्यात दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवतो.

प्रश्न : गाडी बंद पडली की ट्रकवाले मागे रोडवर दगड ठेवतात, मग तो लाल चमकणारा त्रिकोण कशाला? (धुळे)

दगड रात्री दिसत नाही म्हणून, आणि काम झालं की ते दगड तिथेच टाकून निघून जातात म्हणून. त्यानंतर रात्री येणारा मोटरसायकलवाला त्या दगडावरून उडतो, त्याचा हिशोब कोणाच्या नावावर टाकायचा? मला या गोष्टीचा मनापासून राग आहे.

त्रिकोण गाडीला चिकटून ठेवणंही फुकट. ताशी ८० ने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, ड्रायव्हरला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद आणि मग थांबायला आणखी ३५ मीटर, म्हणजे साठ-सत्तर मीटर असेच जातात, भरलेला केळीचा ट्रक असेल तर त्याहून जास्त. म्हणून चौपदरीवर १०० मीटर मागे, म्हणजे सव्वाशे-दीडशे पावलं, वळण असेल तर वळणाच्या आधी. चारी इंडिकेटर चालू, त्रिकोण पेटी उघडल्याबरोबर छातीसमोर धरून रोडच्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालत जायचं. पोरंबाळं गाडीत नको, रोडपासून लांब शेताच्या बांधाकडे उभी करा. परत निघताना त्रिकोण उचला.

प्रश्न : दुपारी हवा चेक केली तर पाच पीएसआय जास्त दाखवली, काढून टाकू का? (सावदा)

नका काढू. ऊन आणि धावणं यांनी हवा तापते, पाच-सहा डिग्रीला एक पीएसआय वाढतेच, ते हिशोबात धरलेलं असतं. काढली तर रात्री थंड झाल्यावर टायर कमी हवेवर चालेल, बाजू जास्त दुमडेल, तापेल आणि फुटेल, उन्हाळ्यात टायर फुटतात ते जास्त करून कमी हवेने. सकाळी गाडी काढायच्या आधी चेक करा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर असतो. नायट्रोजनला पैसे द्यायचे का हेही विचारलंय, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, बाकी तुमची मर्जी.

प्रश्न : कन्नड घाटात चढावर पंक्चर झालं तर? (चाळीसगाव)

घाटात चढावर जॅक लावायचाच नाही. चारी इंडिकेटर लावून पहिल्या गिअरमध्ये, डाव्या कडेने, सपाट जागा येईपर्यंत तशीच रडवत न्या, टायरचं सोडा. अजिबात हलत नसेल तर सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे सुरक्षित जागी उभं करा, चाकांना दगड लावा आणि १०३३ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गाची मदत त्या नंबरवर मिळते, जीवाला धोका वाटत असेल तर ११२. फोनवर 'घाटात आहे' एवढंच सांगू नका, कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि तोंड कन्नडकडे आहे की चाळीसगावकडे ते सांगा.