सी ड्राइव्ह लाल झाला की आधी काय पाहायचं?

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच अडचणीची आहेत: कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नाही. सांगलीत विश्रामबागेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथेही रोज हेच ऐकतो. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून आज फक्त जागेबद्दल बोलू.

प्रश्न : मी मिरजेची निवृत्त शिक्षिका. माझा लॅपटॉप २५६ जीबीचा आहे. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे, जेमतेम चार जीबी शिल्लक दिसतात आणि विंडोजचं अपडेट अर्ध्यात अडकतं. शेजारचा मुलगा म्हणतो, विंडोजच्या फोल्डरमधलं नको ते उडवून देतो. एका दुकानदाराने डिस्कच बदलायला सांगितली. लॅपटॉपवर शाळेच्या स्नेहसंमेलनांचे आणि नातीचे फोटो-व्हिडिओ आहेत, ते जाता कामा नयेत. फोन भरला की मी सगळे फोटो लॅपटॉपवर घेते. काय करू?

उत्तर : बाई, विंडोजच्या फोल्डरला कुणालाही हात लावू देऊ नका. डिस्क बदलायची की नाही हेही आत्ता ठरवू नका. जागा कशाने व्यापली आहे हे अजून कुणी पाहिलेलंच नाही, आणि न पाहता पुसायला बसलं की नेमकं हवं ते जातं. विंडोज बिघडलं तर मी दोन-तीन तासांत पुन्हा घालून देतो. नातीच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ मात्र कुठूनही पुन्हा आणता येत नाही. तुमच्या लॅपटॉपवर जपायचं ते हेच, बाकी सगळं बदलता येतं.

सेटिंग्ज उघडा, सिस्टममध्ये जा, तिथे स्टोरेज आहे. उघडल्यावर थोडं थांबा, त्याला मोजायला वेळ लागतो. मग अ‍ॅप्स, टेम्पररी फाइल्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज अशी यादी येते आणि प्रत्येकापुढे जीबी दिसतात. पण नेमकं कोणतं फोल्डर फुगलंय हे या यादीतून नीट कळत नाही. त्यासाठी मी ‘विनडिरस्टॅट’ नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरतो. तो डिस्कवरची प्रत्येक फाइल रंगीत चौकोनाच्या रूपात मांडतो. जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. चौकोनावर क्लिक केलं की ती फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते समजतं. फक्त एक पथ्य पाळा: या प्रोग्रॅममधून काही पुसू नका, त्यात फक्त बघा.

काहीही नवीन घालायचं नसेल तर फाइल एक्स्प्लोररमध्ये सी ड्राइव्ह उघडा आणि वर उजवीकडच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजीत साइज, मग कोलन, मग > हे चिन्ह आणि १जीबी असं सलग लिहा. एक जीबीपेक्षा मोठ्या फाइल्स समोर येतील. घरच्या लॅपटॉपवर त्या बहुतेक व्हिडिओच असतात. फोनवर फोर-केमध्ये शूटिंग केलं तर एका मिनिटाला साधारण साडेतीनशे एमबी लागतात, म्हणजे दहा मिनिटांचं एक समूहनृत्य साडेतीन जीबीचं झालं. तेच फुल एचडीत घेतलं तर जवळपास तिसऱ्या हिश्शात भागतं आणि घरच्या टीव्हीवर फरक सहसा जाणवत नाही. फोनच्या कॅमेऱ्याची सेटिंग आजच बदलून ठेवा.

आता लगेच मोकळं करता येईल ते. स्टोरेजमध्येच ‘टेम्पररी फाइल्स’वर जा. अपडेटची उरलीसुरली फाइल्स, थंबनेल्स (फोटोंची छोटी चित्रं), रिसायकल बिन यांवर खूण करून काढून टाका, काही बिघडत नाही. रिसायकल बिनमधलं मात्र आधी एकदा नजरेखालून घाला. तिथल्या फाइल्स बिन रिकामी होईपर्यंत डिस्कवरच असतात, त्यामुळे ‘मी तर केव्हाच डिलीट केलं’ म्हणणाऱ्यांची जागा तिथेच अडकलेली सापडते.

याच यादीत ‘डाउनलोड्स’ असाही एक चौकोन असतो. त्यावर खूण करू नका, हे मी हात जोडून सांगतो. ते नाव टेम्पररी फाइल्सच्या रांगेत असलं तरी आपल्याकडे पेन्शनची स्लिप, आधारची पीडीएफ, वीजबिलं, नातवाचा निकाल हे सगळं डाउनलोड्समध्येच पडून असतं. ते फोल्डर स्वतः उघडा, आकारानुसार लावा आणि वरून एकेक बघत या. जुने सेटअप आणि दोनदा उतरवलेल्या फाइल्स तिथे हमखास मिळतात.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मला खरं कारण कळल्यासारखं वाटतं. तुम्ही लिहिलंय, ‘फोन भरला की मी सगळे फोटो लॅपटॉपवर घेते.’ घेताना दर वेळी नवीन फोल्डर केलं असेल आणि फोनवरचे जुने फोटो तसेच राहिले असतील, तर तोच फोटो चार फोल्डरांत चार वेळा बसलेला आहे. दुकानात येणाऱ्या लॅपटॉपवर ‘नवीन फोटो’, ‘नवीन फोटो २’, ‘मोबाईल दिवाळी’ अशी फोल्डरं मला सारखी दिसतात, आणि आत निम्म्याहून जास्त तेच ते असतं. दुहेरी फोटो आपोआप पुसणाऱ्या प्रोग्रॅमवर हे काम सोपवू नका. दोन फोल्डर शेजारी शेजारी उघडा, दोन्ही नावानुसार लावा. फोनने दिलेल्या नावात बहुधा तारीख असते, त्यामुळे जोड्या लगेच जुळतात. नाव आणि आकार दोन्ही सारखे असतील तर तो एकच फोटो आहे असं समजायला हरकत नाही. एक लहान आणि एक मोठा असेल तर मोठा ठेवा, लहान बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला असतो. हे काम वेळ खातं. दुपारच्या चहानंतर थोडं थोडं करत गेलात तर होऊन जाईल, आणि ते तुम्हीच करायला हवं, कारण कुठल्या वर्गाचा कुठला मुलगा हे फक्त तुम्हाला ओळखू येणार.

मुलाचा आयफोन आयट्यून्सवरून कधी या लॅपटॉपला जोडला होता का? तसं असेल तर त्याचा संपूर्ण बॅकअप सी ड्राइव्हवर बसलेला असू शकतो आणि तो दहा-वीस जीबींचा सहज असतो. मुलाला विचारा. तो ‘नको’ म्हणाला तरच आयट्यून्सच्या सेटिंगमधून काढा.

एवढं झाल्यावर उरलेले फोटो-व्हिडिओ एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. आधी कॉपी करा, मग वेगवेगळ्या फोल्डरांतले काही फोटो आणि मोठे व्हिडिओ त्या डिस्कवरून उघडून पाहा, आणि नंतरच लॅपटॉपवरून काढा. पण इथे थांबू नका. लॅपटॉपवरून काढून एकाच डिस्कवर ठेवलं तर प्रत पुन्हा एकच उरली. दुसरी डिस्क घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. ऑगस्ट २०१९च्या महापुरानंतर गावभाग, मारुती चौक या भागांतून चिखलाने भरलेले कॉम्प्युटर माझ्याकडे आले होते. काहींची बॅकअपची डिस्कही त्याच टेबलाच्या त्याच खणात होती, दोन्ही एकदमच पाण्याखाली गेले. कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण डिस्कच्या बाबतीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. तुमची दुसरी प्रत लेकीकडे पुण्याला राहू दे.

सी ड्राइव्हचा साधारण पाचवा हिस्सा मोकळा राहिला की अपडेटही अडणार नाही आणि लॅपटॉपही कुंथणार नाही. मग डिस्क बदलायचा खर्च वाचला.

प्रश्न : नवीन लॅपटॉप २५६ जीबीचा म्हणून घेतला, आत २३८च दिसतात. दुकानदाराने फसवलं का? (एक वाचक, कराड)

उत्तर : नाही. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट्स धरतात. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा जीबी थोडा मोठा असतो. २५६ला हा हिशोब लावला की २३८ येतात, १ टीबीच्या डिस्कचे ९३१ दिसतात. डिस्क तेवढीच आहे, आणि दुकानदाराचा यात दोष नाही.

प्रश्न : इचलकरंजीत घरूनच दोन-तीन व्यापाऱ्यांची हिशोबाची कामं करते. डेस्कटॉपची रॅम १६ जीबी, सी ड्राइव्ह १२० जीबी, डी मोठा आहे. सी भरत आला. विंडोज.ओल्ड, विनएसएक्सएस आणि हायबरफिल.सिस ही नावं मोठी दिसतात. काढू का? टॅलीचा डेटाही सी वरच आहे.

उत्तर : ताई, तिघांची तीन उत्तरं आहेत. विंडोज.ओल्ड म्हणजे मोठ्या अपडेटआधीचं जुनं विंडोज. मागे फिरायचं असेल तर ते लागतं, आणि साधारण दहा दिवसांनी विंडोज स्वतःच ते काढतं. नवीन विंडोजवर टॅली, प्रिंटर आणि तुमची डिजिटल सही नीट चालतेय याची खात्री झाली असेल तर टेम्पररी फाइल्समधून काढा. विनएसएक्सएसमध्ये विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स असतात, त्याला हात लावायचा नाही. त्यातल्या बऱ्याच फाइल्स मोजताना दोनदा धरल्या जातात, त्यामुळे ते आहे त्याहून मोठं दिसतं, आणि हाताने पुसलं तर पुढची अपडेट्स बसत नाहीत.

हायबरफिल.सिस ही हायबरनेटची फाइल, म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून कॉम्प्युटर बंद करायची सोय. ती रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे तुमच्याकडे सहा-साडेसहा जीबी. डेस्कटॉपवर हायबरनेट वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा आणि इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ असं लिहून एंटर मारा, फाइल जाते. फास्ट स्टार्टअपही बंद होईल, म्हणजे सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. लॅपटॉपवाल्यांनी मात्र हे करू नये. वीज गेलेली असताना बॅटरी संपत आली की उघडं काम त्याच फाइलमुळे वाचतं.

टॅलीचा डेटा डी वर न्यायचा तर आधी पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्या, टॅली बंद करा, डेटाचं फोल्डर डी वर कॉपी करा आणि टॅलीत नवीन पाथ (फोल्डरचा पत्ता) देऊन कंपनी उघडून बघा. मागच्या मार्चची शिल्लक जुळली की मगच सी वरचं फोल्डर काढा. प्रोग्रॅमचं फोल्डर मात्र असं ओढून दुसरीकडे टाकायचं नाही. जुन्या वर्षांचा डेटा ‘आता काय उपयोग’ म्हणून पुसू नका. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, आणि या नोंदी तुमच्या नाहीत, त्या व्यापाऱ्यांच्या आहेत.

प्रश्न : ‘वनड्राइव्ह भरलं’ असा मेसेज रोज येतो. मी तर ते कधी सुरूच केलं नव्हतं. वेबसाइटवर जाऊन फोटो डिलीट केले तर लॅपटॉपवरचेही गेले! (कॉलेजचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : मित्रा, आधी ते फोटो परत आण. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेटवरची साठवणीची जागा. तिच्या वेबसाइटवर वेगळं रिसायकल बिन आहे, घरगुती खात्यात तिथे गोष्टी ३० दिवस राहतात. हे वाचत असतानाच जा.

झालं असं की विंडोज सेट करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं वनड्राइव्हला जोडली गेली. मोफत जागा पाच जीबीच, ती भरणारच. वनड्राइव्ह फाइल्स दोन्हीकडे सारख्या ठेवतं, म्हणून एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. फक्त लॅपटॉपवरची जागा मोकळी करायची असेल तर फाइलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ घे. फाइल वर, म्हणजे नेटवरच्या वनड्राइव्हमध्ये, राहते, इथे ढगाचं चिन्ह दिसतं आणि उघडायला नेट लागतं.

तुझी अडचण उलटी आहे, तुला वरची जागा मोकळी हवी. फोटो लॅपटॉपवर पूर्ण उतरले आहेत ना ते पाहा, ढगाचं चिन्ह असेल तर ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ कर. मग ते वनड्राइव्हच्या बाहेर, सी किंवा डी वर एखादं साधं फोल्डर करून त्यात हलव. त्यानंतर घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्जमधून ‘मॅनेज बॅकअप’ बंद कर. लगेच डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नकोस, फाइल्स वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून उचलून घे.