तंत्र शिकवता येते, पण शिकवणार कोण?

चि. यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्यासाठी, तू लिहिलेला अहवाल मी दोनदा वाचला. दोन एज रशरांपैकी, म्हणजे कडेने धावून क्वार्टरबॅकला गाठणाऱ्या बचावपटूंपैकी, वर कोणाला ठेवायचे, याचा निकाल तू एका वाक्यात लावला आहेस: वेग आणि बांधा शिकवता येत नाही, तंत्र शिकवता येते, म्हणून कच्चा असला तरी वेगवान आणि धिप्पाड असलेला पहिलाच घ्यावा, तंत्रात घोटलेला दुसरा नव्हे. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघांमध्ये दर एप्रिलला हे वाक्य कोणीतरी बोलतेच, आणि ते सर्वस्वी चूक आहे असेही नाही. फक्त शाळेत व्याकरण शिकलेला मनुष्य म्हणून मला त्यातली एक गोष्ट खटकते. ‘तंत्र शिकवता येते’ या वाक्याला कर्ताच नाही. कोण शिकवणार, आठवड्यातल्या कोणत्या वेळी शिकवणार आणि तोवर त्या जागेवर कोण खेळणार, हे तुझ्या सहा पानांत कुठेही आलेले नाही.

तू २०२२ च्या ड्राफ्टचा दाखला दिला आहेस, तर तोच नीट पाहू. मिशिगनच्या एडन हचिन्सनने आदल्या हंगामात चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला १४ वेळा जमिनीवर आणले होते, म्हणजे १४ सॅक केले होते, आणि कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाच्या मतदानात तो दुसरा आला होता; जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरच्या नावावर ६ सॅक होते. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक कसोट्यांत, मात्र १२३ किलोंचा वॉकर चाळीस यार्ड ४.५१ सेकंदांत धावला आणि त्याचे हात साडेपस्तीस इंच भरले, तर हचिन्सनचे बत्तीस इंचांहून जेमतेम अधिक. जॅक्सनव्हिलने पहिल्या क्रमांकावर वॉकरला घेतले आणि हचिन्सन दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. पहिल्या हंगामाअखेर साडेतीन विरुद्ध साडेनऊ सॅक असा हिशेब झाला आणि लोकांनी तेवढ्यावर जॅक्सनव्हिलला वेड्यात काढले. पुढच्या दोन हंगामांत वॉकरने १० आणि १०.५ सॅक केले, म्हणजे निवड वाया गेली असे म्हणता येणार नाही. पण हचिन्सनने २०२३ मध्ये ११.५ आणि २०२४ मध्ये पाय मोडण्यापूर्वीच्या अवघ्या पाच सामन्यांत ७.५ सॅक केले होते. घडवण्याची वर्षे एका संघाने मोजली आणि त्याच वर्षांत दुसरा संघ तयार खेळाडूकडून काम करून घेत होता.

या प्रकरणात तुझ्या नजरेतून एक आकडा निसटला आहे. कम्बाइनमध्ये तीन शंकूंभोवती वळसे घेत धावण्याची जी कसोटी असते, तिच्यात हचिन्सनला ६.७३ सेकंद लागले आणि वॉकरला ६.८९. ज्याला आपण ‘घोटलेला’ म्हणून बाजूला काढतो, तो वळणात अधिक चपळ होता. एकदा ‘कच्चा’ आणि ‘तयार’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, की दुसऱ्याच्या अंगातला खेळाडू आपल्याला दिसेनासा होतो.

सॅकचा आकडा लहान का आहे, याचा शोध मात्र घ्यायलाच हवा. जॉर्जियाच्या बचावात वॉकरला पुष्कळदा आतल्या बाजूला उभे राहून आपली फट राखण्याचे काम होते, त्यामुळे त्याचे ६ सॅक आणि दर वेळी कडेने मोकाट सुटणाऱ्या मुलाचे ६ सॅक एका तराजूत घालता येत नाहीत. डॅनियल हंटरने २०१४ च्या हंगामात एलएसयू या कॉलेज संघाकडून अवघे दीड सॅक केले होते. मिनेसोटाने २०१५ मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत ८८ व्या क्रमांकावर घेतले, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आंद्रे पॅटरसन हे बचावफळीचे प्रशिक्षक त्याला लाभले आणि ते २०२१ पर्यंत त्याच संघात राहिले. हंटरने दुसऱ्या हंगामात १२.५ सॅक केले. तू हंटरचा उल्लेख केला आहेस, पॅटरसन यांचा केलेला नाहीस. शिवाय तिसऱ्या फेरीत जोखीम पत्करणे वेगळे आणि पहिल्या दहांत पत्करणे वेगळे. फिलाडेल्फियाने १९९५ मध्ये कम्बाइनच्या कसोट्या गाजवणाऱ्या माइक मॅमुलासाठी जादा निवडी देऊन बाराव्या क्रमांकावरून सातवा मिळवला, आणि त्यांच्याच सोडलेल्या बाराव्या क्रमांकावर टँपा बेने पुढे दिग्गज ठरलेल्या वॉरेन सॅपला उचलले. मॅमुला अगदीच टाकाऊ नव्हता. किंमत टाकाऊ होती.

वेळेचा हिशेबही कडक आहे. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या २०११ च्या करारापासून नियमित हंगामात अंगावर संरक्षक पॅड घालून फक्त चौदा सराव घेता येतात. हातांची झटापट पॅडशिवाय शिकणे म्हणजे काठावर बसून पोहणे शिकण्यासारखे आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या कराराचे पाचवे वर्ष घ्यायचे की नाही, हे तिसऱ्या हंगामानंतरच ठरवावे लागते. ज्याला उमगायलाच दोन वर्षे लागतील, त्याच्याबद्दल तुझ्या हाती निर्णयासाठी एकच हंगाम उरतो.

मी स्वतः यात तोंडघशी पडलो आहे. एका संघाच्या व्हिडिओ विभागात असताना बैठकीत बोलण्याची मुभा मिळाली, तेव्हा मी अशाच एका मुलासाठी हट्ट धरला. वर्षभर सराव आटोपल्यावर फळीचे प्रशिक्षक त्याच्याकडून रोज मनगटावर मनगट मारून घेत, आणि डिसेंबरपर्यंत त्याचा उजवा हात शहाणा झाला होता. जानेवारीत सगळा प्रशिक्षकवर्ग बदलला. नव्या माणसांना कडेने धावणारा नको होता, टॅकलला, म्हणजे समोरून वाट अडवणाऱ्या खेळाडूला, अडवून धरणारा हवा होता. तिसऱ्या वर्षी आणखी एक प्रशिक्षक आले. चौथ्या वर्षी तो मुलगा कोणत्याच संघात नव्हता. त्याचा डावा हात कधी शिकलाच नाही.

खेळण्याच्या जागेचाही विचार कर. कडेच्या रशरला एका माणसाला हरवायचे असते, म्हणून तिथे कच्चेपणा काही काळ झाकला जातो. बचावफळीच्या मागे उभ्या राहणाऱ्या लाइनबॅकरला मात्र चेंडू निघण्याआधी समोरची मांडणी वाचावी लागते, आणि ते वाचन मला तरी वेगाइतकेच उपजत वाटते. क्लेमसनचा आयझाया सिमन्स १०८ किलोंचा असून ४.३९ सेकंदांत धावला होता. ॲरिझोनाने २०२० मध्ये त्याला आठव्या क्रमांकावर घेतले आणि २०२३ मध्ये सातव्या फेरीच्या एका निवडीवर देऊन टाकले. उलट झॅक थॉमस या लाइनबॅकरला बुटका म्हणून १९९६ मध्ये पाचव्या फेरीपर्यंत थांबावे लागले, आणि २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आता चित्रफीत पुन्हा लाव. स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू मागे दिल्यावर, तू सुचवलेल्या मुलाच्या तिसऱ्या पावलावर ती थांबव आणि टॅकलचा पंजा त्याच्या छातीवर टेकला आहे का, ते पाहा. टेकला असेल तर पुढच्या अर्ध्या सेकंदात तो काय करतो, एवढेच टिपून ठेव. आमच्या गल्लीतल्या तालमीत वस्ताद नव्या पोराचे दंड फारसे पाहत नसत. पहिला डाव फसल्यावर पोरगा कुठून घुसतो, याकडे त्यांचे लक्ष असे. तू सुचवलेला मुलगा पहिल्या सामन्यात तिथे नुसता थबकत असेल आणि दहाव्या सामन्यात हात झटकून आत वळत असेल, तर तो शिकतो आहे, आणि मग मी तुझ्या बाजूने बोलेन. बाराही सामन्यांत तो थबकलेलाच दिसला, तर ४.५ सेकंदांची धाव मला सांगू नकोस.

अहवालाचे चौथे पान नव्याने लिही. त्यावर फळीच्या प्रशिक्षकांचे नाव आणि त्यांचा करार कोणत्या वर्षी संपतो ते घाल, आणि पहिल्या हंगामात या मुलाला सामन्यागणिक किती डाव खेळवायचे, याचा आकडाही टाक. रविवारपर्यंत पाठवलेस तर सोमवारच्या बैठकीआधी वाचून होईल.

तुझा,
काका