परतीची गाडी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. चार लाखांच्या एफडीची मुदत संपली, नवा दर बघून तुझा जीव खट्टू झाला आणि ऑफिसातल्या कुणीतरी पतसंस्थेतले साडेदहा टक्के कानावर घातले. ‘काका, बँकेत आता काही राम नाही,’ असं तू लिहिलंस. हे वाक्य माझं आहे गं. 2003 सालचं.

तुझे वडील आणि मी एसटीच्या एकाच डेपोत होतो. खेड्यातला शहाणा माणूस चौकशीच्या खिडकीवर आला की आधी परतीची गाडी विचारायचा. जायची काय, मिळतेच. पैशाचंही तेवढंच विचार: परतीची गाडी कधी, आणि ती आणणार कोण?

आमच्या पिढीला दामदुपटीची चटक होती. किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचं, पीपीएफ या सरकारी बचत खात्याला 12 टक्के. जानेवारी 2000 मध्ये ते 11 झाले आणि 2003 च्या मार्चपर्यंत 8 वर आले. मला ते सोसेना. ऐंशी हजार उचलून आमच्या आळीतल्या पतसंस्थेत ठेवले, तेरा टक्क्यांनी. चेअरमन गणपतीच्या मांडवात शेजारी बसणारा, त्याला परतीची गाडी कशी विचारायची? गुलाबी पावती, गोल शिक्का, वर पेढा. तीन वर्षांनी लेकीच्या इंजिनीअरिंगची फी भरायची वेळ आली तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि आतला पोरगा ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणत होता. असे किती सोमवार गेले ते काकूला विचार. फी मी आमच्या पगारदार पतपेढीचं कर्ज काढून भरली. सात वर्षांत तुकड्यातुकड्यांनी एकतीस हजार हाती आले.

आता नीट वाच, कारण हे मी पुन्हा लिहिणार नाही. (लिहीन, माझा स्वभाव तुला माहीत आहे.) पतसंस्था ही बँक नव्हे. बँक बुडाली तर ठेव विम्यातून व्याजासकट पाच लाखांपर्यंत मिळतात. 2020 च्या फेब्रुवारीआधी हीच मर्यादा एक लाख होती. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. चार टक्के जास्त का देतात, याचं उत्तर तिथेच आहे. जास्तच हवेत तर स्मॉल फायनान्स बँक बघ. तिथे विमा आहे, पण व्याज धरून पाचाच्या आत राहा.

आणि दर पडले म्हणून रडू नकोस. 2025 च्या फेब्रुवारीत रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, साडेसहावरून खाली यायला लागला, डिसेंबरात 5.25 झाला, ठेवींचे दर त्याच्यामागे उतरणारच. पण महागाईही त्या वर्षी काही महिने दोन टक्क्यांच्या खाली होती. आमच्या बारा टक्क्यांच्या काळात ती कितीदा दहाच्या घरात असायची. आकडा मोठा दिसायचा, पिशवी तेवढीच भरायची.

तुझ्या चार लाखांतले अडीच पुढच्या वर्षीच्या कोर्सचे. त्यांची गाडी चौदा महिन्यांनी. ते साध्या एफडीत, दर काय असेल तो. इथे एक टक्का जास्त म्हणजे वर्षाला अडीच हजार; तेवढ्यासाठी ॲडमिशन पणाला लावायची? उरलेल्या दीडाच्या तीन पावत्या कर, एक, दोन आणि तीन वर्षांच्या. दर वर्षी एक सुटेल, त्या वेळी दर चढले असतील तर फायदा तुझाच. पगारातून पीपीएफ सुरू कर. 2020 च्या एप्रिलपासून तिथे 7.1 आहेत आणि व्याजाला कर नाही. पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत भर, सहाला भरलेस तर त्या महिन्याचं व्याज गेलं. पण तिची गाडी पंधरा वर्षांची, हे धरून चाल.

तू म्हणशील, काका शेअरबाजाराचं नाव घेत नाहीत. माझ्या मेहुण्याने त्याच 2003 मध्ये म्युच्युअल फंड धरला, आज त्याचा पुण्यात फ्लॅट आहे आणि दर दिवाळीला मला तो फ्लॅट ऐकावा लागतो. तो जिंकला, कबूल. पण त्याला वीस वर्षं पैसे लागले नाहीत. मला तीन वर्षांत लागले. मी भित्रा नव्हतो, माझी गाडी लवकरची होती. दहा वर्षं हात लावायचा नाही असा पैसा तुझ्याकडे साठला की खुशाल लाव. मेहुण्याचा नंबर देतो.

एफडी मोडायला लागली तर किती कापतात, तेही काउंटरवर विचार. लाजू नकोस.

सुट्टीत आलीस की ती गुलाबी पावती दाखवीन. काकू म्हणते फाडा एकदाची. मी लॅमिनेट करून ठेवली आहे.

तुझा,
काका