पिएझो पडद्याला (ताणला की विद्युतभार देणाऱ्या, आणि भार दिला की स्वतः ताणल्या-आकसणाऱ्या) सर्किट जोडून आवाज अडवता येतो, तो कसा?

पीव्हीडीएफ या प्लास्टिकची पातळ फिल्म घ्या (तिचा पिएझो गुण जपानचे संशोधक कावाई यांनी 1969 मध्ये दाखवला). आवाज आदळला की ती ताणली जाते आणि दोन्ही बाजूंच्या धातूच्या थरांवर विद्युतभार येतो. पण फिल्म किंचित वक्र बसवायला हवी. सपाट फिल्म नुसती मागेपुढे हलते, ताण फारसा येत नाही. बहुतेकांचं पहिलं मॉडेल इथेच फसतं.

आता त्या थरांना ऑप-अँपचं (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचं) ‘ऋण कपॅसिटन्स’ सर्किट जोडा. कपॅसिटन्स म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता; हे सर्किट त्याच्या उलट वागतं. ते असा भार ढकलतं की फिल्म एकदम ताठ होते. पडदा हलला नाही, तर पलीकडे आवाज जाणार कसा! जड भिंत न बांधता खालच्या पट्टीतली घरघरही अडते, हे मला फार मोलाचं वाटतं.

खरी कसोटी जुळणीची. सर्किटच्या ऋण कपॅसिटन्सचा आकडा फिल्मच्या कपॅसिटन्सच्या अगदी जवळ आणावा लागतो. पॉट (जुळणीसाठी फिरवायचा रोधक) केसभर जास्त फिरला, की सर्किट स्वतःच विद्युत आंदोलनं (ऑसिलेशन) करू लागतं. शिवाय तापमानाबरोबर फिल्मचं कपॅसिटन्स बदलतं, त्यामुळे आपोआप जुळवून घेणारी व्यवस्था लागतेच.

घरच्या खिडकीसाठी मात्र आधी फटी बुजवा. फटीतून येणाऱ्या आवाजावर या पडद्याचा काही इलाज चालत नाही.