पैदाशीचं जनावर घेताय? बोली तोंडी ठेवू नका

"गाभण राहीलच" हे विकणाऱ्याचं बोलणं झालं, हमी नव्हे. हमी हवी तर पैसे मोजण्याआधी कागदावर घ्या: जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, तक्रारीची मुदत, तपासणी कोण करणार, आणि दोष निघाला तर पैसे परत की बदली जनावर.

गाभण म्हणून घेत असाल तर आपल्याच पशुवैद्याकडून तपासून घ्या. हाताने साधारण दोन महिन्यांनंतर खात्रीने कळतं, सोनोग्राफीत तिसाव्या दिवसाच्या आसपास. कालवड खोंडासोबत जुळी जन्मलेली नाही ना, हेही विचाराच. तशी बहुतेक वांझच निघते.

नवखे चुकतात ते इथे:

- गाय एकदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की लगेच भांडण. माज साधारण 21 दिवसांनी फिरून येतो; तारखा लिहून दोन-तीनदा भरवून बघा. मात्र तक्रारीची मुदत हातची जाऊ देऊ नका.
- विकणाऱ्याला न कळवता उपचार सुरू करणं, किंवा जनावर परस्पर विकून टाकणं. मग पुरावाच गेला.
- सगळं खापर विकणाऱ्यावर. ताप येऊन गेलेल्या वळूचं वीर्य दोनेक महिने खराब राहू शकतं. तो ताप तुमच्या गोठ्यात आला असेल तर विकणारा काय करणार?