चौदा पोरांच्या शाळेत घालू का?

“मॅडम, एवढ्याशा शाळेत वाढलेलं पोरगं उद्या जगात टिकेल का?”

राजवीरच्या आईने हे विचारलं तेव्हा त्याची नवी शाळा त्यांच्या मनात जवळजवळ ठरलेली होती. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला एका बंगल्यात भरणारी, चौदा मुलांची. पतसंस्थेतल्या मैत्रिणीची मुलगी तिथे जात होती. नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं, सासऱ्यांना तर नाहीच. शाळेत अडलेल्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलायचं माझं काम. माझ्याकडे त्या आल्या होत्या ते मला वाटतं सल्ल्यासाठी कमी आणि घरात सांगायला आधार मिळावा म्हणून जास्त. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला घरच्यांची हरकत नाही.)

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न वरचेवर येतो. मायक्रोस्कूल म्हणजे दहा-पंधरा, फार तर काही डझन मुलं. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र बसतात, शिक्षक एक किंवा दोन, आणि इयत्तेपेक्षा मुलाच्या गतीकडे लक्ष. हे नाव कोविडच्या काळात शाळा बंद झाल्यावर जास्त कानावर पडायला लागलं. कोल्हापुरात वेगळ्या वाटेच्या शाळेचं नवल नाही. लीलाताई पाटलांनी ‘सृजन आनंद’ ही प्रयोगशील शाळा १९८५ मध्ये इथेच सुरू केली. पण संस्था म्हणून उभी राहिलेली शाळा आणि एका ताईंच्या बंगल्यात भरणारा वर्ग यांत फरक आहे, आणि पालकांचा घोटाळा नेमका तिथे होतो.

राजवीर तेव्हा तिसरीत होता, इंग्लिश मीडियमला. वर्गात छप्पन्न मुलं. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, पण पटावर कितीही बसली तरी ‘चांगली शाळा’ ही ख्याती त्यावर मात करते. रविवारी संध्याकाळ झाली की त्याच्या पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, दृष्ट काढून झाली. काही निघालं नाही. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. त्यांचं मत स्पष्ट होतं: “मॅडम, फी भरली, व्हॅन लावली, ट्यूशन लावली. आता आणि काय कमी हाय? लाडानं झालंय सगळं. तालमीत घालतो, आपोआप सरळ हुईल.”

मी मुलाबरोबर एकटीने बसते. मुलगा बोलका होता, फुटबॉलवर तर थांबेना. पेठेतल्या कुठल्या संघाने कुणाला किती गोलनी हरवलं हे तोंडपाठ. मी दुसरीच्या पुस्तकातला एक मराठी उतारा पुढे ठेवला. त्याने पहिला शब्द नीट वाचला, दुसऱ्याचं पहिलं अक्षर बघून उरलेला अंदाजाने म्हटला, आणि तिसऱ्याला मला विचारलं, “तुमच्याकडं पाणी आहे का?” इंग्रजीचा धडा मात्र धडाधड म्हणून दाखवला. पुस्तक उलटं धरलं असतं तरी त्याने तो तसाच म्हटला असता. पाठ होता.

मग मी आईंना शाळेची डायरी आणायला सांगितलं. सोमवारी पहिला तास इंग्रजी वाचनाचा. एकेकाने उभं राहून मोठ्याने वाचायचं. रविवारच्या पोटदुखीचं वेळापत्रक असं शाळेच्या वेळापत्रकातच सापडलं.

इथपर्यंत आल्यावर शाळा मोठी की लहान हा मुद्दा मागे पडला. माझं मत आहे, आणि ते सरावातून झालेलं आहे, की लहान शाळेत औषध असतं ते तिथल्या माणसाच्या लक्षात. संख्या कमी असल्याने त्या लक्षाला जागा मिळते, एवढंच. चौदा मुलांत न वाचणारं मूल लगेच दिसतं हे खरं. पण दिसल्यावर काय करायचं हे त्या माणसाला येत नसेल, तर ‘त्याला त्याच्या गतीने जाऊ दे’ या गोड वाक्याखाली दोन वर्षं निघून जातात. छप्पन्नांत मूल लपून राहतं. चौदांत त्याला प्रेमाने लपवलं जातं. अशी दोन्ही मुलं माझ्याकडे येतात.

राजवीरची तपासणी करून घेतली. वाचनाच्या अशा अडचणीचं औपचारिक निदान साधारण आठ वर्षांचं झाल्यावर करतात, त्यामुळे वेळ योग्य होती. डिस्लेक्सिया निघाला. वडील गप्प झाले आणि मग म्हणाले, “म्हणजे डोकं कमी?” नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) स्पष्ट नोंदलेली आहे, प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, आणि शिकवण्याची पद्धत बदलली की अशी मुलं वाचायला लागतात. शाळा कुठलीही असो, हे करावंच लागणार होतं. खरं सांगायचं तर त्याच्या जुन्या शाळेत एखाद्या बाईंनी मोठ्याने वाचायला उभं करणं थांबवलं असतं आणि रोज वीस मिनिटं दिली असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. आईंनी शाळेत विचारून पाहिलं. उत्तर मिळालं, “एकासाठी वेगळं कसं करणार?”

आजोबा तिसऱ्या भेटीला आले. निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, पांढरी टोपी, हातात घडी घातलेला पेपर. “मॅडम, शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोरगं शाळेला धाडलं नाही तर आई-बापाला महिन्याला एक रुपया दंड. आणि त्याच कोल्हापुरात माझी सून पैसे देऊन पोराला शाळेतनं काढतीया.”

मला हा माणूस फार आवडला. त्यांचा मुद्दा कायद्याचा होता, म्हणून कायदाच सांगितला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण पालकांना दंड नाही. दंड आहे तो मान्यता न घेता शाळा चालवणाऱ्याला, एक लाखापर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. म्हणूनच अशा बऱ्याच ठिकाणी पाटीवर शाळा न लिहिता ‘लर्निंग सेंटर’ किंवा ‘अभ्यासकेंद्र’ लिहिलेलं असतं. ही जोखीम चालवणाऱ्यांची, पण ते उद्या बंद झालं तर रस्त्यावर तुमचं मूल येतं. पैसा असून चालत नाही तेही लक्षात ठेवावं: २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या ऑल्टस्कूल या मायक्रोस्कूल कंपनीत मार्क झुकेरबर्गने पैसा घातला होता, तरी २०१९ पर्यंत कंपनीने स्वतःच्या शाळा सोडून दिल्या आणि सॉफ्टवेअरकडे वळली.

मग मी आजोबांना विचारलं, तुम्ही कुठे शिकवलंत? शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवर, द्विशिक्षकी शाळेत. चार इयत्ता, दोन खोल्या, पावसाळ्यात एकच कोरडी. पट वीस-बावीस. म्हणजे मायक्रोस्कूलच की. ते हसले. “मग ही ताई वेगळं काय करतीया? फी घेती, एवढंच?” वीसच्या आतल्या पटाच्या सरकारी शाळांचं समूहशाळेत विलीनीकरण करण्याचा विचार आपल्याकडे चालतो आणि शहरात लोक तेवढ्याच पटासाठी फी मोजतात, यावर ते बराच वेळ बोलत राहिले. मीही त्यांना थांबवलं नाही.

त्यांनाच मी कामाला लावलं. म्हटलं, तुम्ही आणि सूनबाई जाऊन अर्धा दिवस त्या वर्गात मागे बसा. भिंतीवरची वाक्यं वाचू नका. एखादं मूल ‘मला येत नाही’ म्हणतं तेव्हा ताई पुढच्या मिनिटात काय करतात ते बघा. वाचन शिकवायचं रीतसर शिक्षण कुणाचं झालंय ते विचारा. ताई आजारी पडल्या तर कोण बघतं, गेल्या वर्षी कोण सोडून गेलं आणि त्यांच्या आई-वडिलांशी बोलता येईल का, हेही विचारा. आणि मुलाचं नाव कुठल्या पटावर राहणार, हे लेखी घ्या. ‘नाव ओळखीच्या एका शाळेत ठेवू, बसेल इथे’ असं कुणी तोंडी सांगितलं तर उठून यायचं. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं, याचा त्रास दाखला मागायच्या दिवशी होतो.

आजोबांनी स्वतःचा एक प्रश्न नेला होता आणि तो माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा सरस होता: “चौथीच्या पोराला भागाकार शिकवताना पहिलीचं पोर काय करत असतंय?” ज्याने दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळल्यात त्यालाच हे सुचतं. ताईंकडे उत्तर होतं. लहान मुलांना त्या वेळी काय काम दिलेलं असतं, ते तपासतं कोण, मोठ्यांपैकी कोण त्यांच्याबरोबर बसतं, सगळं त्यांनी वहीतून दाखवलं. वर हेही सांगितलं, “मोठ्या मुलांचं गणित मला पुरेसं जमत नाही. त्यासाठी माणूस शोधतेय.” त्या डी.एड. झालेल्या होत्या आणि वाचनाच्या अडचणीवरचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. घरी आल्यावर आजोबा सुनेला म्हणाले, “बाईला काम येतंय.”

आता आईंचा मूळ प्रश्न, टिकेल का. चौदा मुलांत राहून माणसात कसं मिसळायचं हे कळेल का? छप्पन्नांच्या वर्गात मुलाला छप्पन्न मित्र नसतात, दोन-तीनच असतात. खरी अडचण वेगळी आहे. मोठ्या वर्गात एकाशी फिसकटलं तर बाक बदलता येतो. चौदांत आपल्या वयाचे तिघेच असतात, त्यांतल्या एकाशी बिनसलं तर जायला जागा नाही. त्यामुळे शाळेबाहेर मुलाला काय आहे हे आधी पाहावं लागतं. राजवीर पेठेत राहणारा. गल्लीत पोरं, तालीम, मंडळ, संध्याकाळी मैदान. त्याला माणसांची ददात नव्हती. शहराबाहेरच्या नव्या अपार्टमेंटमध्ये राहणारं, शेजारी समवयस्क नसलेलं एकुलतं एक मूल असतं, तर मी याच शाळेबद्दल बराच काळ हात आखडता घेतला असता. अशाच एका मुलीच्या वडिलांना मी स्पष्ट नाही म्हटलं होतं. तिचं मोठ्या शाळेत छान चाललं होतं, मैत्रिणी होत्या. वडिलांचं भांडण त्यांच्या स्वतःच्या बालपणीच्या शाळेशी होतं.

परत यायची वाट राजवीरच्या वडिलांना हवी होती, आणि ते बरोबरच होतं. मूल मधूनच आलं तरी वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम सांगतं; महाराष्ट्रात सहावी ते आठवीत घेताना मात्र आता पाचवीची परीक्षा पास असावी लागते. महापालिकेच्या शाळांचं नाव काढल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं, तेव्हा मी जरगनगरच्या शाळेत प्रवेशासाठी लागणाऱ्या रांगांची आठवण करून दिली. तेवढं पुरलं. दुसरी वाट मुक्त शाळेची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे, म्हणजे एनआयओएसचे अ, ब, क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत, आणि दहावीला बसायला चौदा वर्षं पूर्ण लागतात. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी. म्हणजे दहावीचं दार बंद होत नाही. पण नोंदणी, फॉर्म, तारखा हे सगळं पालकांनाच सांभाळावं लागतं. वडिलांना विचारलं, हे तुम्ही करणार का? ते म्हणाले, “मी न्हाई, हिला सांगा.” ‘हिने’ त्यांच्याकडे नुसतं बघितलं. पुढच्या भेटीला फाइल वडिलांच्या हातात होती.

एप्रिलमध्ये दाखला काढला, जूनमध्ये राजवीर बंगल्यात गेला. पोटदुखी पहिल्या महिन्यात थांबली, याचं मला नवल नव्हतं. सोमवारचा तासच गेला होता. वाचन मात्र रांगत आलं. दिवाळीच्या सुमारास केएमटीच्या (शहर बसच्या) पाट्या वाचायला लागला, आधी आकड्यावरून ओळखायचा. आजही तो सावकाशच वाचतो आणि लिहिताना जोडाक्षरं गाळतो. दुसऱ्या वर्षी वर्गातल्या एका मुलाशी जोरात वाजलं आणि मला जे वाटत होतं तेच झालं. जायला दुसरा बाक नव्हता, राजवीर शाळेत जाईना. ताईंनी दोघांना वेगवेगळ्या मोठ्या मुलांबरोबर कामाला लावलं, घरी दोनदा आल्या. सुटलं, पण त्या दिवसांत आईंची झोप गेली होती आणि मला रात्री फोन यायचे.

पाचवीच्या स्तराची परीक्षा तो पास झाला. आता ताईंनी सांगितलंय की गणित-विज्ञानाला माणूस मिळालेला नाही, त्यामुळे मोठी मुलं त्या पुढे ठेवणार नाहीत. वडील चिडले, “मधनंच सोडत्यात म्हणजे काय?” मी त्यांना म्हटलं, जमत नसताना ठेवून घेणाऱ्या शाळा मी जास्त पाहिल्यात. सध्या ते सहावीसाठी शाळा बघतायत. प्रत्येक ठिकाणी प्रमाणपत्र दाखवून पहिलाच प्रश्न मोठ्याने वाचायला उभं करण्याचा विचारतात, आणि उत्तरावरून पुढचं बोलतात. दोन शाळा बघून झाल्या. तिसरीला राजवीर स्वतः येणार म्हणतोय, कारण पहिल्या दोन्हींना मैदान नव्हतं.