डीएनए चाचणी केली तर मूळ गाव आणि भावकी सापडेल का?

तुम्ही विचारलंय की पणजोबा सातारा जिल्ह्यातून मुंबईला गिरणीत आले, आडनाव जाधव, गावाचं नाव मात्र घरात कुणालाच ठाऊक नाही. वडिलांच्या आत्या हयात आहेत, वय ८६. अशा वेळी डीएनए चाचणीने गाव कळेल का?

गाव कळणार नाही. भावकी कळू शकते, पण त्या भावकीतल्या दुसऱ्या कुणीतरीही चाचणी केलेली असली तरच. ही चाचणी म्हणजे दोन जिवंत माणसांची तुलना. समोर जुळवायला माणूसच नसेल तर अहवालात 'दक्षिण आशियाई' असं काहीतरी मोठ्या अक्षरात येतं, आणि ते तर तुम्हाला आधीपासून माहीतच आहे. परदेशी कंपन्यांकडे आपल्याकडच्या लोकांची संख्या अजून फार थोडी आहे. कोरेगाव की खटाव, हे तुमच्या थुंकीत लिहिलेलं नसतं.

मी विट्याचा. आमच्या भागातले लोक गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, देशभर गेले. आमच्या पणजोबांचे एक भाऊ असेच स्वातंत्र्याच्या आधी दक्षिणेत गेले आणि पुढे संबंध तुटला. सहा वर्षांपूर्वी कोइंबतूरहून एका काकांचा फोन आला. आडनाव आमचंच, कुलदैवत खरसुंडीचा सिद्धनाथ, आणि आजोबा 'विट्याकडचे' एवढंच त्यांना माहीत. जमिनीच्या कागदात त्यांच्या आजोबांचं नाव कुठंच नव्हतं. ते आमच्या पणजोबांचेच भाऊ का, एवढा एकच प्रश्न होता. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो, तो सुट्टीला येताना किट घेऊन आला.

आमच्या घरातून माझ्या आत्यांची लाळ घ्यायचं ठरलं. त्या तेव्हा ७८ वर्षांच्या. लाळ देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं, आणि आत्यांना तर दर तासाला मिश्री लागते. तोंड धुवून त्या ओसरीवर बसल्या, हातात ती प्लास्टिकची नळी, आणि तोंडाला कोरड. शेवटी वहिनींनी समोर चिंचेचा गोळा आणून ठेवला. नुसत्या बघण्यानं पाच मिनिटांत नळी खुणेपर्यंत भरली.

सगळ्यात म्हातारं माणूस का, तर प्रत्येक पिढीत आई-बापाचा अर्धा अर्धाच वाटा पुढे जातो. पणजोबांचा तुमच्याकडे सरासरी आठवा हिस्सा आला असेल. वडिलांच्या आत्या त्यांच्या सख्ख्या कन्या, त्यांच्याकडे निम्मा आहे. एकाच खापरपणजोबांच्या चौथ्या पिढीतल्या दोन चुलतांमध्ये दहातल्या एखाद्या जोडीत काहीच जुळत नाही, नातं शंभर टक्के खरं असूनही. त्यामुळे 'जुळलं नाही' म्हणजे 'नातं नाही' असं लगेच धरू नका.

दोन महिन्यांनी निकाल आला. आत्या आणि कोइंबतूरचे काका यांच्यात ४१० सेंटिमॉर्गन जुळले. सेंटिमॉर्गन म्हणजे दोघांत सारख्या असलेल्या तुकड्यांच्या लांबीचं माप. आई आणि लेकरात ते साधारण ३४०० असतं, सख्ख्या चुलत भावंडांत ८५० च्या आसपास, आणि पणजोबा एक असलेल्या चुलत-चुलत भावंडांत सरासरी २३०. आमच्या हिशेबाने २३० यायला हवे होते, आले ४१०. किती सेंटिमॉर्गनला कुठलं नातं हे दाखवणारे तक्ते असतात; त्यात ४१० समोर सख्ख्या चुलत भावाचं मूल, किंवा सावत्र नात्यातलं चुलत भावंड, असली नाती दिसतात. काकांच्या मुलाने फोनवर अडखळतच विचारलं, "मागच्या पिढीत काही लपवलेलं तर नाही ना?" दोन दिवस आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

मग मी आत्यांना सहज विचारलं, आजीच्या माहेरचं कुणी तिकडं दिलं होतं का? आत्या म्हणाल्या, "दिली की. आईची चुलत भन. लांब मद्रास मुलखात दिली म्हणून आई लई रडायची." ती चुलत बहीण म्हणजेच काकांची आई. आत्या आणि काका बापाकडूनही चुलत-चुलत आणि आईकडूनही. दोन्हीकडचे सरासरी २३० धरले तर बेरीज ४६० च्या आसपास येते, म्हणजे ४१० त्यात बसतात. एवढी वर्षं ही गोष्ट आत्यांच्या पोटात होती, कारण आमच्यातल्या कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण सातारा-सांगलीकडे हे होणारच. मामाची मुलगी करायची पद्धत, ठरलेल्या पाच-दहा गावांतच सोयरीक, आणि जातीबाहेर लग्न नाही, असं कित्येक शतकं चाललेलं. दोन परके लोकसुद्धा थोडेफार जुळतात, आणि जवळचे हिशेबापेक्षा जास्त जुळतात. ते तक्ते युरोपातल्या लोकांना धरून बनलेत. घरातल्या कुणावर संशय घेण्याआधी लग्नं कुठं कुठं झाली ते कागदावर मांडा.

बापाकडून फक्त मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्राची चाचणी आडनावासाठी बरी. माझी आणि काकांची ३७ खुणांची केली, ३६ जुळल्या. पण नुसता गट, म्हणजे फार जुना मूळ पुरुष एक असलेल्यांचा समूह, सांगणाऱ्या अहवालावर भुलू नका. आमचा गट आर-१-ए निघाला. तो पोलंड-रशियापासून इथपर्यंत पसरलेला आहे, हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यावरून कुळी ठरत नाही. दत्तकाचंही ध्यानात ठेवा. आपल्याकडे दत्तक बहुधा भावकीतलाच घेतात, मग वाय जुळतो आणि कागदावरचा बाप वेगळा असतो. मुलीचा मुलगा दत्तक घेतला असेल तर आडनाव तेच, पण वाय पार वेगळा. साताऱ्याची गादी १८४८ साली ईस्ट इंडिया कंपनीने दत्तक नामंजूर करून खालसा केली, पण घराघरांतले दत्तक चालूच राहिले.

बरेच जण मनात जातीच्या दाखल्याचं धरूनही हे विचारतात. तिथं डीएनएचा काही उपयोग नाही. दाखल्याला जुनी नोंद आणि वंशावळ लागते, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची.

गाव शोधायला कागद आणि माणसंच. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर त्यावर जन्मगाव असतं, तो हरवला असेल तर शाळेचं जनरल रजिस्टर. पणजोबा चाळीत कुणाबरोबर राहायचे ते काढा, कारण गिरणगावात एका गावचे लोक एकाच खोलीत राहायचे, आणि त्या गावांची मंडळं अजून आहेत. कुलदैवत, देवक आणि आत्यांच्या आजोळचं गाव लिहून घ्या. कुलदैवत पालीचा खंडोबा की शिखर शिंगणापूर, यावरूनही शोधाचा टापू लहान होतो. गाव हाती लागलं की तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी) आणि जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक मागा. वारस नोंदीत कधी कधी अख्खं कुटुंब एका पानावर भेटतं. अक्षर मोडी असेल तर वाचणारा सोबत न्या. सुगीनंतर बेळगावकडून हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे लोक, येतात, त्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात. आमच्या हेळव्याच्या वहीत पणजोबांच्या भावाचं नाव होतं, पुढे नुसतं 'गेला' असं लिहिलेलं. बायकांची नावं मात्र त्यात नव्हती, ती आत्यांच्या तोंडूनच मिळाली.

चाचणी करायचीच तर आधी जाणून घ्या की माहिती एकदा दिली की परत हातात येत नाही. ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमच्या लाळेत तुमच्या भावंडांचीही माहिती असते, त्यांनाही विचारा.

पण हे सगळं नंतर. या रविवारी वडिलांच्या आत्यांकडे जा. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि 'गाव कुठलं' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'ठाऊक नाही' असंच येईल. लहानपणी जत्रेला कुठं जायचात, एसटी कुठं बदलायला लागायची, आईच्या माहेराहून कोण यायचं, नदी कुठली होती, हे विचारा. त्यांची तयारी असेल तर लाळेचा नमुनाही त्यांचाच घ्या, तुमचा नको.